आधी ऐकणारा शोधा, मग वायरलेस घ्या

पत्राचा गोषवारा: मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावातून, तिशीच्या आतल्या एका वाचकाचं हे पत्र. पुण्याची नोकरी सोडून ते गावी परतले आणि आता वडील व काकांसोबत आउटबोर्ड इंजिनाच्या फायबर होडीतून मासेमारी करतात. संध्याकाळी निघायचं, सात-आठ सागरी मैलांवर जाळी मारायची, पहाटे परत. गेल्या हंगामात एका रात्री इंजिन बंद पडलं. मोबाइलला रेंज नव्हती. होडी रात्रभर वाहत राहिली आणि उजाडल्यावर दुसऱ्या गावच्या होडीने त्यांना ओढून आणलं. तेव्हापासून वायरलेस घ्यायचं त्यांच्या मनात आहे. वडील म्हणतात, "मोबाइल आहे, आजूबाजूला होड्या असतात, इतकी वर्षं काय अडलं?" मित्र म्हणतो, ऑनलाइन वॉकीटॉकीची जोडी घे, खोक्यावर वीस किलोमीटर रेंज लिहिलीय, एक होडीत ठेव, एक आईजवळ घरी. दुकानदार पंचवीस वॅटचा मोठा सेट घ्या म्हणून मागे लागलाय. पैसे बेताचेच. "कोणता सेट घेऊ, आणि बाबांना कसं पटवू?" असं त्यांनी विचारलंय.

तुमच्या पत्रात वॅट आहेत, किमती आहेत, कंपन्यांची नावं आहेत. एक गोष्ट मात्र कुठेच नाही. त्या रात्री तुमच्या हातात उत्तम सेट असता, तर तुमचं बोलणं ऐकलं कोणी असतं? सकाळी ज्या होडीने तुम्हाला ओढून आणलं, ती रात्री कुठे होती? तिच्यावर वायरलेस आहे का, आणि असला तर तो चालू ठेवतात का? त्या होडीवाल्यांना एकदा भेटून हे विचारा. त्या चौकशीला पैसे पडत नाहीत, आणि तिच्यातून जे कळेल ते कुठल्याही दुकानात कळणार नाही.

आता बाबांचं. तुमच्या पत्रातून ते हट्टी वाटतात. मला तसं वाटत नाही. "आजूबाजूला होड्या असतात" हे त्यांचं वाक्य नीट ऐका. पंधरा वाव खोल पाण्यात जाळी मारली की उत्तरेला कोणाचा दिवा आहे, दक्षिणेला कोणाचा, हे त्यांना ठाऊक असतं, आणि वेळ आली तर त्यातला कोणीतरी येईल हा त्यांचा हिशेब आहे. तो इतकी वर्षं खराही ठरला. फक्त त्या रात्री दिवे लांब होते किंवा मधे धुकं होतं, एवढंच. वायरलेसचं काम बाबांचा हिशेब मोडण्याचं नाही. दिव्याच्या पलीकडच्या होडीपर्यंत तो पोचवण्याचं आहे. मोबाइलवरून तुम्ही एकाच माणसाला फोन लावता, आणि तो लागायला किनाऱ्यावरचा टॉवर लागतो. व्हीएचएफला, म्हणजे समुद्रावरच्या वायरलेसला, टॉवर लागत नाही, आणि त्या चॅनेलवर कान असलेल्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं. शिवाय शोधायला निघालेलं तटरक्षक दलाचं जहाज किंवा हेलिकॉप्टर, तुम्ही बोलत असाल तर त्या आवाजाच्या दिशेने येऊ शकतं.

मित्राच्या जोडीबद्दल स्पष्टच सांगतो: घेऊ नका. आपल्याकडे विनापरवाना जे वॉकीटॉकी वापरता येतात ते 446 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. समुद्रावरची व्हीएचएफ बोलणी चालतात 156 मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे तुम्ही त्या जोडीवर घसा फोडून ओरडलात तरी शेजारून जाणाऱ्या जहाजाला, ट्रॉलरला किंवा तटरक्षक दलाला चकार शब्द ऐकू जाणार नाही. मित्र म्हणेल, त्यातले काही सेट संगणकाला जोडून 156 वर आणता येतात. आणता येतात, पण तसं करणं बेकायदा आहे. आणि ओल्या हाताने धरायला, खाऱ्या पाण्यात पडून पुन्हा चालायला ते बनवलेलेच नसतात. असले सेट सर्रास विकले जात होते म्हणून 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि विक्रीची नियमावलीही आणली.

खोक्यावरच्या वीस किलोमीटरचा हिशेब तुम्ही घरबसल्या करू शकता. व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ जातात, आणि समुद्र गोल आहे. अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि चाराने गुणा. तेवढे किलोमीटर तुमच्या बाजूचे. समोरच्याचेही तसेच काढा आणि दोन्हींची बेरीज करा. होडीत बसून हातातला सेट तोंडाजवळ धरला तर अँटेना असते दीड मीटरवर, म्हणजे तुमच्या बाजूचे साधारण पाच किलोमीटर. आई किनाऱ्यावर तसाच सेट घेऊन उभी राहिली तर तिचे पाच. झाले दहा. तुम्ही असता आठ सागरी मैलांवर, म्हणजे जवळजवळ पंधरा किलोमीटरवर. मधे माड आणि घरं आली तर तेवढेही मिळायचे नाहीत. सेट कितीही महागाचा घ्या, हे गणित बदलत नाही.

पण हाच हिशेब समोर ट्रॉलर धरून करा. त्याची अँटेना नऊ मीटरवर असेल तर त्याचे बारा आणि तुमचे पाच, सतरा किलोमीटर झाले. पंचवीस मीटर उंच अँटेनाचं मालवाहू जहाज असेल तर वीस आणि पाच. किनाऱ्यावर शंभर मीटरच्या कड्यावर अँटेना असेल तर चाळीस आणि पाच. प्रत्यक्षात लाटा, ओली अँटेना, उतरलेली बॅटरी यांनी आकडा खाली येतो, पण गोष्ट लक्षात आली असेल: तुमचा आवाज किती लांब जाणार हे निम्म्याहून जास्त ऐकणाऱ्याच्या उंचीवर ठरतं. थोडं कडवट वाटेल, पण ज्या परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरशी तुमच्या किनाऱ्याचं वैर आहे, त्यांचीच अँटेना उंच असते. जाळ्यांवरून कितीही भांडणं झालेली असोत, वाहत चाललेल्या होडीची हाक ऐकली की कुठल्याही राज्याचा ट्रॉलर वळतो. समुद्राचा रिवाज तसा आहे, आणि कायदाही.

हाच हिशेब दुकानदाराच्या पंचवीस वॅटनाही लावा. हातातल्या सेटचे पाच-सहा वॅट असतात. पाचपट वॅट म्हणून पाचपट अंतर मिळतं असं नाही, कारण क्षितिजाखाली गेलेल्या होडीपर्यंत पंचवीस वॅटही पोचत नाहीत. बसवलेल्या सेटचा खरा फायदा वेगळा आहे: त्याची अँटेना काठीवर चढवता येते. चार मीटरवर नेली की तुमचे पाच किलोमीटर आठ होतात, आणि टोकाला आवाज खरखरत नाही. पण त्याला बारा व्होल्टची बॅटरी लागते आणि बोलताना तो पाच-सहा अँपिअर ओढतो. तुमचं इंजिन दोरी ओढून सुरू होणारं असेल तर होडीत बॅटरीच नसणार. मग बॅटरी, ती उघड्या होडीत कोरडी ठेवायला पेटी, चार्जिंगची सोय, अँटेना, केबल, काठी असा खर्च वाढत जातो. दुकानदाराने सांगितलेली किंमत नुसत्या सेटची आहे. त्यात केबलच्या टोकाला जो जोड असतो, त्यात एकदा खारं पाणी शिरून तो हिरवा पडला की पंचवीस वॅटचे किती अँटेनापर्यंत पोचतात, देव जाणे. मोठ्या, केबिनवाल्या नौकेला बसवलेला सेटच हवा, आणि तो घ्यायचा तर डीएससीवाला, म्हणजे लाल बटणाचा घ्यावा. झाकण उचलून बटण काही सेकंद दाबून धरलं की चॅनेल 70 वरून होडीचा नऊ आकडी क्रमांक आणि जीपीएस जोडलेलं असेल तर जागाही आपोआप जाते. पण तो क्रमांक अधिकृतपणे घेऊन सेटमध्ये भरावा लागतो. भरला नाही तर ते बटण नुसती शोभा.

तुमच्या होडीला, आज, माझं मत हातातल्या सेटला. तो पाण्यावर तरंगणारा असावा, आणि त्यावर आयपीएक्स 7 लिहिलेलं असावं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल. चॅनेल 16 साठी, म्हणजे हाक मारायच्या आणि संकट सांगायच्या चॅनेलसाठी, वेगळं बटण हवं, अंधारात चाचपून सापडेल असं. चार्ज होणाऱ्या बॅटरीखेरीज साध्या सेलचं खोकं बसणारा सेट मिळाला तर तोच घ्या, कारण बॅटरी दगा देते ती नेमकी पहाटे तीनला. जाहिरातीतल्या "हवामान चॅनेल"साठी एक रुपयाही जास्त मोजू नका. ती सोय अमेरिकेच्या किनाऱ्यासाठी आहे, इथे त्यावर नुसती खरखर ऐकू येईल. बाहेरून आलेले काही सेट अमेरिकी चॅनेलांवर लावलेले असतात. ते आंतरराष्ट्रीय चॅनेलांवर लावून घ्या, नाहीतर चॅनेलचा आकडा तोच दिसेल आणि बोलणं भलतीकडेच जाईल. आणि बिल देणाऱ्याकडूनच घ्या. सागरी व्हीएचएफ ठेवायला आणि वापरायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना लागतो. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रावरची तपासणी काही लुटुपुटूची राहिलेली नाही. बिनकागदाचा सेट सापडला तर उत्तरं देत बसावं लागेल.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. तिघांनाही अंगात घालता येतील अशी लाइफ जॅकेटं होडीत नसतील, तर पहिला खर्च तो.

पैसे बेताचे आहेत, म्हणून दुकानात जाण्याआधी मालवणातल्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात एक फेरी मारा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक आणि इंजिनाच्या छोट्या नौकांना व्हीएचएफ, डीएटी, ट्रान्सपॉन्डर अशा साधनांसाठी मदतीची तरतूद केलेली आहे. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के असं तिचं सूत्र. सध्या अर्ज घेतात का, ते तिथेच विचारा. ट्रान्सपॉन्डरचंही, म्हणजे होडीची जागा आणि निरोप किनाऱ्यावर कळवणाऱ्या यंत्राचंही, विचारा. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमधून देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर ते बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि ते नौकामालकाला फुकट आहेत. उपग्रहावरून चालतात, त्यामुळे वर केलेला उंचीचा हिशेब त्यांना लागू नाही. डीएटी म्हणजे संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र. इस्रो आणि तटरक्षक दलाने आणलेलं हे यंत्र 2010 पासून वापरात आहे, आणि नव्या पिढीच्या यंत्रावर संदेश पोचल्याची पोचही परत येते. यातलं काही मिळालं तर तुमचा अर्धा घोर मिटला. पण व्हीएचएफची गरज त्याने संपत नाही, कारण उपग्रहाचा इशारा जातो लांबच्या केंद्रात, आणि तुम्हाला पहिली गाठणार असते ती तीन मैलांवरची होडी.

आता वापराकडे येतो. सेट महिनोन्महिने डब्यात बंद ठेवून संकटात पहिल्यांदा बाहेर काढणारे लोक मी पाहिलेत. त्यांना चॅनेल कसं बदलायचं तेही आठवत नाही. जेटीवरून निघताना सेट सुरू करा, 16 वर ठेवा, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायची कळ, खरखर जेमतेम थांबेल इतकीच फिरवा. जास्त फिरवलीत तर लांबचा बारीक आवाज गाळला जाईल. बोलताना सेट उभा धरा, आडवा नको. तोंडापासून चार बोटं लांब आणि वाऱ्याकडे पाठ करून. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. जवळच्या होडीशी एका वॅटवर बोला, बॅटरी वाचते. आणि तो सेट खणात न ठेवता कोणाच्या तरी जॅकेटला बांधलेला असू द्या. पाण्यात पडलेल्या माणसाला खणातला सेट काय कामाचा! घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मगच चार्जिंगला लावा.

चॅनेल 16 हाक मारायला आणि संकट सांगायला आहे. आपल्या किनाऱ्यावर त्याच्यावर सुरमईचा भाव, कोणाचं लग्न, भजनं, सगळं चालतं. तुम्ही त्यात भर घालू नका. 16 वर हाक मारायची, समोरच्याने ओ दिली की 72 किंवा 77 वर जायचं, बोलणं संपलं की परत 16. बटण अंगाखाली दाबलं जाऊन अडकलं, तर आसपासच्या सगळ्यांचं 16 बंद पडतं, हेही ध्यानात असू द्या.

त्या रात्रीसारखं, इंजिन बंद आहे पण होडी कोरडी आणि हवा चांगली, अशा वेळी "पॅन-पॅन" तीनदा म्हणायचं. जीव धोक्यात असेल, होडीत पाणी भरत असेल, माणूस पाण्यात पडून दिसेनासा झाला असेल, तेव्हाच "मेडे". शब्द लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सेटला बांधून ठेवा. उदाहरणार्थ: "मेडे, मेडे, मेडे. होडी जलदेवी, जलदेवी, जलदेवी. मेडे, जलदेवी. जागा 16 अंश 3 मिनिटं उत्तर, 73 अंश 19 मिनिटं पूर्व, मालवणच्या पश्चिमेला आठ मैल. होडीत पाणी शिरतंय. तीन माणसं. निळी फायबर होडी. मदत हवी. ओव्हर." हिंदी येत असेल तर हिंदीत बोला, तटरक्षक दलाच्या जहाजावरचा माणूस केरळचा किंवा पंजाबचाही असू शकतो. उत्तर आलं नाही तर मिनिटभराने पुन्हा. मालवणहून रत्नागिरी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, तिथवर तुमचा हातातला सेट पोचणार नाही. मधली कोणी होडी किंवा जहाज तुमचा निरोप पुढे देईल. तसाच दुसऱ्याचा निरोप तुमच्या कानावर आला आणि त्याला कोणी ओ देत नसेल, तर तो पुढे देणं तुमचं काम.

जागेबाबत एक चूक फार होते. मोबाइलला रेंज नसली तरी त्यातलं जीपीएस चालतं, म्हणून फोन बंद करून ठेवू नका. पण बरेच फोन जागा दशांशात दाखवतात: 16.05. घाईत लोक ते "सोळा अंश पाच मिनिटं" असं वाचतात. अंशाची साठ मिनिटं असतात, तेव्हा .05 म्हणजे तीन मिनिटं. दोन मिनिटांचा फरक उत्तर-दक्षिण दोन सागरी मैलांचा, म्हणजे पावणेचार किलोमीटरचा पडतो, आणि अंधारात तेवढ्यावर फायबर होडी दिसत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये अंश-मिनिटं करून ठेवा. जमत नसेल तर "सोळा दशांश शून्य पाच" असं जसं दिसतं तसंच म्हणा, ऐकणारा हिशेब करेल. बाबा जागा वावात आणि डोंगराच्या खुणांवरून सांगतात, ती शेजारच्या गाववाल्याला आकड्यांपेक्षा लवकर कळेल. दोन्ही सांगा.

आईजवळ सेट ठेवायची कल्पना मात्र सोडा. रेंजचा हिशेब वर झालाच. शिवाय सागरी चॅनेल जमिनीवरून घरगुती बोलण्यासाठी वापरता येत नाहीत. आईला सेटपेक्षा एक कागद द्या. होडीचा क्रमांक आणि रंग, कोण कोण गेलंय, कुठल्या बाजूला, कधी परत येणार, आणि किती वाजेपर्यंत वाट बघून फोन करायचा, एवढं त्यावर असू दे. पहिला फोन सोबत गेलेल्या होड्यांच्या घरी, मग 1554 ला, म्हणजे तटरक्षक दलाला, किंवा 1093 ला, म्हणजे सागरी पोलिसांना. गेल्या वेळी रात्रभर आई घरात जागत बसली असेल आणि कोणाला फोन करायचा हे कोणालाच ठाऊक नसेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. वेळ ठरलेली असली की "अजून थोडी वाट बघू" यात तास जात नाहीत.

आणि बाबांना पटवायचं म्हणता, तर सेटबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एकच विचारा: रात्री आपल्याबरोबर कोणाच्या होड्या असतात? ते चार नावं सांगतील. त्या चौघांकडे बाबांनाच घेऊन जा. तुम्ही एकट्याने जाऊन "वायरलेस घ्या" म्हटलंत तर पुण्याहून आलेला पोरगा शिकवतोय असं होईल. चौघांपैकी दोघांनी जरी सेट घेतले, रात्री 16 चालू ठेवायचं ठरवलं आणि ठरावीक वेळी एकमेकांना एकेक हाक मारायचं ठरलं, तर तुमच्या सेटला किंमत आली. कोणीच तयार झालं नाही तरी सेट घ्या, ट्रॉलर आणि जहाजं आहेतच. पण मग ट्रान्सपॉन्डरच्या मागे जास्त जोराने लागा. बंदीच्या दोन महिन्यांत होड्या वर काढलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसलेली सापडतात. हे बोलणं तेव्हाच करा, ऑगस्ट उजाडला की कोणाला वेळ नसतो.

ज्यांनी 446 ची जोडी आधीच घेऊन ठेवलीय अशा वाचकांनी ती फेकायची गरज नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना किनारा आणि होडी यांच्यात दोन-चारशे मीटरवर ती छान चालते. मात्र रात्री खोल पाण्यात निघताना ती खिशात आहे म्हणून व्हीएचएफ घरी ठेवू नका.